मॅडेलिन ऑलब्राइट वर्गात कशा शिकवू? मुलांनी अवघड प्रश्न विचारलाय

मीनल_लातूर

नमस्कार सगळ्यांना. मी लातूरकडे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, टीवायचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर माझ्याकडे आहे. दरवर्षी तेच वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन लिहून द्यायचं आणि पोरांनी ते परीक्षेपुरतं पाठ करायचं, याचा कंटाळा आलाय. म्हणून यंदा ठरवलं की एका माणसाचं आयुष्य हातात घ्यायचं आणि त्यातून शिकवत जायचं. मॅडेलिन ऑलब्राइट घेतल्या. अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री, त्याच्या आधी युनोत राजदूत, आणि या सगळ्याच्या आधी नि नंतरही जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या, म्हणजे आपल्याच पेशातल्या.

पहिल्याच तासाला एका मुलीने हात वर केला. तिने मोबाईलवर इराकवरच्या निर्बंधांबद्दलच्या त्यांच्या 1996 च्या मुलाखतीचा तुकडा बघितला होता. म्हणाली, मॅडम, पाच लाख पोरं मेली तरी ती किंमत योग्य आहे म्हणणाऱ्या बाईचं आम्ही काय शिकायचं? वर्गात कुणी काही बोलेना. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात यावर नीट बोलू. प्रश्न रास्त आहे तिचा आणि मला तो टाळायचा नाहीये, पण त्या एका वाक्यावर अख्खं आयुष्य गुंडाळून ठेवायचं हेही पटत नाही.

तर जाणकारांनी सांगा, एक म्हणजे यांचं शिकवणं कितपत खरं होतं, का नुसतं मोठ्या नावाचं पद? आणि दुसरं, हे इराकचं वर्गात कसं मांडू? बारावीनंतर इतिहास सोडलेली पोरं आहेत, म्युनिक करार म्हटलं तरी पहिल्यापासून सांगावं लागतं.

डेन्व्हरकर

मीनलताई, तुम्ही वडिलांपासून सुरुवात करा, 1997 मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या तिथपासून नको. मी बरीच वर्षं डेन्व्हरला राहतोय, इथल्या युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारी जी शाळा आहे तिला त्यांच्या वडिलांचंच नाव आहे, जोसेफ कॉर्बेल. 1964 मध्ये त्यांनीच सुरू केलेली. ते चेकोस्लोव्हाकियाचे डिप्लोमॅट होते. मॅडेलिनचा जन्म प्रागचा, 15 मे 1937, आणि पाळण्यातलं नाव मारी याना. 1939 च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि काही दिवसांतच हे कुटुंब निसटून लंडनला गेलं. वडील तिथे परागंदा सरकारसाठी काम करत होते, बीबीसीवरून मायदेशासाठी बोलत होते, आणि पोरगी बॉम्बहल्ल्यांत लोखंडी टेबलाखाली झोपत होती. युद्ध संपलं, परत प्राग, मग वडील युगोस्लाव्हियात राजदूत म्हणून बेलग्रेडला. तिथे विमानतळावर पाहुणे आले की ही छोटी मुलगी चेक पोशाख घालून फुलं द्यायला उभी. म्हणजे परराष्ट्र खातं काय असतं ते तिने घरातच बघितलेलं.

आता आपल्या पोरांना लगेच पटेल असा धागा सांगतो. 1948 मध्ये काश्मीरसाठी युनोने जो आयोग नेमला, त्यात एक सभासद देश भारताने सुचवायचा होता आणि एक पाकिस्तानने. भारताने चेकोस्लोव्हाकिया सुचवला, पाकिस्तानने अर्जेंटिना. आणि चेकोस्लोव्हाकियातर्फे आले ते हेच जोसेफ कॉर्बेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती, त्यामुळे कॉर्बेलना परतीची वाटच राहिली नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये बायकामुलं बोटीने न्यूयॉर्कला उतरली, कुटुंबाने अमेरिकेत आश्रय मागितला आणि 1949 मध्ये सगळे डेन्व्हरला आले. राजदूताचा प्राध्यापक झाला. पुढे 1954 मध्ये त्यांनी काश्मीर प्रश्नावर पुस्तकही लिहिलं, आपल्याकडे त्यातल्या मतांबद्दल वाद आहेत पण अभ्यासकांना ते अजून चाळावं लागतं.

आणि याच कॉर्बेल सरांच्या वर्गात 1970 च्या दशकात पियानो शिकायला आलेली एक मुलगी येऊन बसली, स्टालिनवरचं लेक्चर ऐकलं आणि संगीत सोडून सोव्हिएत राजकारणाकडे वळली. ती म्हणजे कॉन्डोलिझा राइस. एका मास्तरची मुलगी डेमोक्रॅट सरकारात परराष्ट्रमंत्री आणि विद्यार्थिनी रिपब्लिकन सरकारात परराष्ट्रमंत्री. मला हे फार मोठं वाटतं, कारण दोघींची मतं वेगळी, पक्ष वेगळे, पण जग बघायची सवय एकाच माणसाने लावलेली.

ऋता_जे

मीनल, मी पस्तीसेक वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झाले, त्यामुळे तुझ्या पहिल्या प्रश्नावर मला बोलायलाच हवं. नाही गं, नुसतं नावाचं पद अजिबात नव्हतं. पण तिथपर्यंत ही बाई कशी पोचली ते आधी पोरींना सांग.

1959 मध्ये वेल्स्ली कॉलेजातून पदवी, लगेच लग्न. नवरा जो ऑलब्राइट, वर्तमानपत्रवाल्या श्रीमंत घराण्यातला. हिलाही पत्रकार व्हायचं होतं, कॉलेजच्या पेपरात काम केलेलं. शिकागोत नवऱ्याच्या पेपरच्या संपादकाने जेवताना विचारलं, तू काय करणार पुढे? ही म्हणाली पेपरमध्ये काम करणार. तर तो म्हणाला, नवऱ्याच्या पेपरात तुला घेता येणार नाही, आणि नवऱ्याशी स्पर्धा नको म्हणून शहरातल्या दुसऱ्या पेपरातही तू जायचं नाहीस, तेव्हा दुसरं काहीतरी बघ. आणि तिने दुसरं बघितलं. ही गोष्ट त्या नंतर आयुष्यभर सांगायच्या, आणि सांगताना आपण तेव्हा गप्प बसलो हेही सांगायच्या.

1961 मध्ये जुळ्या मुली झाल्या, सहा आठवडे आधी. मुली इस्पितळात, आईला घरी पाठवलेलं, पोरींना हातात घेता येत नाही. तर तेवढ्या दिवसांत वेड लागू नये म्हणून हिने रशियन भाषेचा कोर्स लावला. पुढे कोलंबिया युनिव्हर्सिटीतून एमए, मग पीएचडी, विषय 1968 च्या प्राग स्प्रिंगमधली, म्हणजे कम्युनिस्ट राजवट मोकळी करायच्या प्रयत्नातली, चेक वर्तमानपत्रांची भूमिका. पीएचडी हातात पडली 1976 मध्ये. मध्ये तिसरी मुलगी, नवऱ्याच्या बदल्यांमागे घर हलवणं, पहाटे उठून प्रबंधाची पानं लिहायची आणि मुली उठल्या की बंद. पगाराची पहिली खरी नोकरी लागली तेव्हा वय 39, सिनेटर मस्की यांच्या ऑफिसात. मग कार्टरच्या काळात व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत, तिथले प्रमुख ब्रेझिन्स्की म्हणजे कोलंबियातले तिचेच सर. हे मी मुद्दाम लांबवून लिहितेय कारण तुझ्या वर्गात अशा मुली असतील ज्यांचं परीक्षा झाली की लग्न ठरलेलं आहे, आणि त्यांना 39 हा आकडा ऐकू दे.

1982 च्या जानेवारीत नवऱ्याने सांगितलं की मला घटस्फोट हवाय, दुसऱ्या कुणावर प्रेम आहे. तेवीस वर्षांचा संसार. त्याच वर्षी ती जॉर्जटाउनला शिकवायला लागली. तिथे परराष्ट्र सेवेत येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी एक खास कार्यक्रम होता, तो तिच्याकडे आला. वर्गात तिच्या लक्षात आलं की मुलगे सरळ बोलायला लागतात आणि मुली हात वर करून वाट बघत बसतात, मग तोवर चर्चा पुढे निघून गेलेली असते. मुलींना ती स्पष्ट सांगायची, मध्ये तोंड घालायला शिका. ऐका नीट, आणि मग मध्येच बोला. उत्तम शिक्षकाचा पुरस्कार विद्यार्थ्यांनी तिला एकदा नाही, वेगवेगळ्या वर्षी चारदा दिला.

शिकवण्याची पद्धतही बघ, ही तुझ्या कामाची आहे. मुलांना भूमिका वाटून द्यायच्या, कुणी परराष्ट्रमंत्री, कुणी संरक्षणमंत्री, एक काल्पनिक पेचप्रसंग समोर ठेवायचा आणि दोन दिवस त्यांना भांडू द्यायचं. अर्थमंत्री झालेला मुलगा म्हणणार निर्बंध लावा, लष्करवाला म्हणणार सैन्य तयार नाही, आणि राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलीला शेवटी ठरवावंच लागणार. मंत्रिपद गेल्यावर 2001 मध्ये बाई पुन्हा जॉर्जटाउनला आल्या आणि मार्च 2022 मध्ये वारल्या तोपर्यंत तिथल्या प्राध्यापक होत्या, 84 व्या वर्षीसुद्धा. जगभर व्याख्यानं देऊन यापेक्षा कितीतरी पैसे मिळाले असते आणि मिळवलेही त्यांनी, पण वर्ग सोडला नाही.

विनायक_प

सगळं वाचलं, आदर आहे, पण त्या मुलीच्या प्रश्नाला अजून कोणीच हात लावला नाहीये. मी लावतो.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, युनोने निर्बंध घातले, युद्ध 1991 ला संपलं तरी निर्बंध चालूच राहिले. पाण्याच्या शुद्धीकरणाचे प्लांट बॉम्बने उडालेले, सुटे भाग आणायला परवानगी लागायची, औषधांचा तुटवडा, पगाराची किंमत शून्य झालेली. सद्दामच्या राजवाड्यांना काही झालं नाही, मेली ती गरिबांची पोरं. मे 1996 मध्ये टीव्हीवर पत्रकार लेस्ली स्टाल यांनी ऑलब्राइटना विचारलं की पाच लाख मुलं दगावली असं ऐकतो, हिरोशिमापेक्षा जास्त, ही किंमत योग्य आहे का? उत्तर आलं, निवड फार कठीण आहे, पण आम्हाला वाटतं किंमत योग्य आहे. हे सांगणारी बाई स्वतः निर्वासित मूल होती. म्हणून ते जास्त लागतं. ज्या मुलीला लंडनमध्ये टेबलाखाली झोपावं लागलं तिने बगदादच्या मुलीबद्दल हे बोलावं.

आणि हे एकटं नाही. कॉलिन पॉवेल अमेरिकेच्या संयुक्त सैन्यदलप्रमुखांचे अध्यक्ष असताना बोस्नियातल्या युद्धात उतरायचं का यावरून वाद झाला, तेव्हा यांनी त्यांना विचारलं होतं की तुम्ही ज्या भारी सैन्याबद्दल कायम सांगता ते वापरायचंच नसेल तर ठेवून काय उपयोग. पॉवेल व्हिएतनाममध्ये लढलेला माणूस, त्याला ते वाक्य किती झोंबलं ते त्याने नंतर लिहून ठेवलंय. 1998 च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इराकवर सभा होती, तिथे तरुण पोरांनी उठून यांना तोंडावर प्रश्न विचारले, आरडाओरडा झाला, सगळं जगाने लाइव्ह बघितलं. मीनलताईंच्या वर्गातली मुलगी त्याच परंपरेतली आहे. तिला दाबू नका एवढंच माझं म्हणणं.

ऋता_जे

विनायक, तुमच्याशी भांडण नाहीये माझं. ते वाक्य अक्षम्य होतं असं मलाही वाटतं. फक्त दोन गोष्टी वर्गात सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली, तो पाच लाखांचा आकडा पुढे टिकला नाही, नंतरच्या पाहण्या आणि 2017 मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की सद्दामच्या सरकारने बालमृत्यूची माहिती फुगवली होती. त्याने निर्बंधांचे हाल खोटे ठरत नाहीत, पण आकडा म्हणून तो वापरू नये. दुसरी, बाईंनी ते वाक्य मागे घेतलं. आठवणी लिहिताना आणि नंतर अनेक मुलाखतींत त्या म्हणाल्या की ते बोलणं मूर्खपणाचं होतं, प्रश्नाची मांडणीच स्वीकारायला नको होती. धोरण चुकलं असं मात्र त्या पूर्णपणे कधी म्हणाल्या नाहीत. मुलांना हे दोन्ही सांग मीनल. शब्दांबद्दल माफी मागितली, धोरणाबद्दल नाही, आणि यातला फरक टीवायच्या पोरांना कळतो. आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतो.

मीनल_लातूर

खूप आभार सगळ्यांचे, डेन्व्हरकर दादा तुमचा काश्मीरचा धागा तर मी उद्याच फळ्यावर लिहिणार. विनायकदादा, त्या मुलीला दाबायचा प्रश्नच नाही, मी तिलाच निर्बंधांवर दहा मिनिटं बोलायला सांगणार आहे.

एक मात्र अजून समजत नाहीये. लहानपणी हिटलरमुळे पळालेली बाई, सैन्य वापरा म्हणणारी, तर मग 1994 मध्ये रवांडातल्या वंशसंहाराच्या वेळी हीच युनोत होती ना? तेव्हा काय झालं?

जुना_पुस्तकवाला

ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. माझ्या मते अख्ख्या कारकिर्दीत शिकवण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर हीच, इराकपेक्षाही.

आधी त्यांचं स्वतःचं म्हणणं ऐका. माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या डोक्यात व्हिएतनाम आहे, माझ्या डोक्यात म्युनिक आहे, असं त्या सांगायच्या. 1938 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने म्युनिकला बसून चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन टाकला, चेक लोकांना त्या खोलीत बोलावलंसुद्धा नाही. त्यावरून त्यांनी शिकलेला धडा असा की दांडग्याला सुरुवातीलाच अडवा. व्हिएतनामवाल्यांचा धडा बरोबर उलटा, की जिथून बाहेर पडता येणार नाही तिथे पाय टाकू नका. मीनलताई, तुमचा अख्खा पेपर या दोन धड्यांच्या भांडणावर शिकवता येईल.

आता 1994. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सोमालियात मोगादिशूला अमेरिकेचे 18 सैनिक मारले गेले, त्यांची प्रेतं रस्त्यातून फरफटत नेलेली टीव्हीवर दिसली, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये आफ्रिका म्हटलं की कुणालाच काही ऐकायचं नव्हतं. 6 एप्रिलला रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं, हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी लोकांची कत्तल सुरू केली, दुसऱ्याच दिवशी बेल्जियमचे 10 शांतिसैनिक मारले आणि बेल्जियमने काढता पाय घेतला. तिथे युनोचे जवळपास अडीच हजार लोक होते. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव 912 केला आणि ती संख्या 270 वर आणायचं ठरवलं. एकमताने. अमेरिकेतर्फे हात वर करणारी बाई म्हणजे मॅडेलिन ऑलब्राइट. एप्रिल ते जुलै मिळून आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली.

त्यांनी नंतर सांगितलंय की वॉशिंग्टनहून आलेल्या सूचना त्यांना पटल्या नव्हत्या, बैठकीतून उठून बाहेर फोनच्या बूथमध्ये जाऊन त्यांनी व्हाइट हाउसला फोन केला, आरडाओरडा केला, सूचना थोड्या मऊ झाल्या, पण मूळ निर्णय तोच. सार्वजनिक आयुष्यातली सगळ्यात खोल खंत रवांडाची, असंही त्यांनी लिहिलंय. राजदूताची नोकरी म्हणजे काय ते इथे उघडं पडतं. प्राध्यापक म्हणून स्वतःचं मत मांडायची मोकळीक असते, पण राजदूताच्या खुर्चीत बसलं की तोंडातून देश बोलतो. पटत नसेल तर फोन करा, भांडा, आणि तरीही सूचना बदलल्या नाहीत तर हात वर करा किंवा राजीनामा द्या. त्यांनी हात वर केला.

एक बारकावा, जो मला वाचल्यापासून सोडत नाही. त्या वेळी परिषदेत चेक प्रजासत्ताकही सभासद होतं. त्यांचे राजदूत कारेल कोव्हांडा. दोन्ही बाजूंनी शस्त्रसंधी करावी असं बाकीचे म्हणत होते तेव्हा हा माणूस म्हणाला की हे म्हणजे हिटलरने ज्यूंशी शस्त्रसंधी करावी म्हणण्यासारखं आहे. म्युनिकचा धडा त्या खोलीत एका चेक माणसानेच बोलून दाखवला, आणि प्रागमध्ये जन्मलेली बाई त्याच टेबलाशी अमेरिकेच्या पाटीमागे बसली होती.

हेही सांगायला हवं की पुढे 1999 मध्ये कोसोवोच्या प्रश्नावरून नाटोने युगोस्लाव्हियावर 78 दिवस बॉम्बफेक केली, त्यामागे सगळ्यात जास्त जोर यांचा होता. माझ्या मते रवांडा आणि बोस्नियातलं 1995 चं स्रेब्रेनित्सा हत्याकांड समजल्याशिवाय तो जोर समजत नाही. त्या बॉम्बफेकीत बेलग्रेडमधला चिनी दूतावासही उडाला, तिघे मेले. ज्या बेलग्रेडमध्ये त्यांचं थोडं बालपण गेलं त्याच शहरावर.

डेन्व्हरकर

जुना_पुस्तकवाला, फार छान लिहिलंत. यात एक जोडतो, कारण म्युनिकबद्दल बोलताना हे सुटू नये. परराष्ट्रमंत्री झाल्यावर काही दिवसांतच, फेब्रुवारी 1997 मध्ये, एका अमेरिकन पत्रकाराने शोधून छापलं की यांचे आईवडील मुळात ज्यू होते. इंग्लंडमध्ये असताना 1941 मध्ये कुटुंबाने कॅथलिक धर्म घेतला होता आणि मुलांना कधी सांगितलंच नाही. चारपैकी तीन आजीआजोबा नाझींच्या छळछावण्यांत गेले. वयाच्या 59 व्या वर्षी हे कळलं. अनेकांनी म्हटलं की एवढी अभ्यासू बाई, हिला माहीत नसेल हे शक्य नाही. त्या शेवटपर्यंत म्हणाल्या की माहीत नव्हतं, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण आपल्याकडेही फाळणीतून आलेल्या घरांत आईवडिलांनी किती गोष्टी मुलांपासून झाकून ठेवल्या ते मी जवळून पाहिलंय.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्या प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये गेल्या. तिथे भिंतींवर मारल्या गेलेल्या चेक ज्यूंची नावं रंगवलेली आहेत, 77 हजारांवर, वरपासून खालपर्यंत, लहान अक्षरांत. आदल्या वर्षी त्या तिथे येऊन गेल्या होत्या तेव्हा आपल्या नावांकडे बघायचं कारणच नव्हतं. या वेळी आजोबा आर्नोश्ट आणि आजी ओल्गा, दोघांची नावं दाखवली गेली.

सायली_यूपीएससी

मी अभ्यास करतेय म्हणून भारताचा मुद्दा टाकते. मे 1998 मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री याच होत्या. निर्बंध लागले, 4 जूनला जिनिव्हात पाच अण्वस्त्रधारी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली आणि दोन दिवसांनी सुरक्षा परिषदेचा ठराव 1172 आला, भारत आणि पाकिस्तान दोघांचा निषेध करणारा. प्रत्यक्ष बोलणी मात्र त्यांचे उपमंत्री स्ट्रोब टालबट आणि आपले जसवंत सिंग यांच्यात झाली, कितीतरी फेऱ्या. त्यामुळे आपल्या परीक्षेत ऑलब्राइट कमी आणि टालबट जास्त येतात.

मला त्यांची खरी आवडती गोष्ट म्हणजे युनोतला तो डबा पार्टीसारखा ग्रुप. 1993 मध्ये राजदूत म्हणून आल्यावर त्यांनी सगळ्या महिला राजदूतांना जेवायला बोलावलं. 183 देशांत निघाल्या फक्त सात. कॅनडा, जमैका, त्रिनिदाद, फिलिपिन्स, कझाकस्तान, लिख्टेनश्टाइन आणि अमेरिका. त्यांनी एकमेकींचे फोन नेहमी घ्यायचे असं ठरवलं. काही पुरुष राजदूतांनी तक्रार केली की लिख्टेनश्टाइनसारख्या चिमुकल्या देशाच्या बाईला अमेरिकेची राजदूत लगेच भेटते आणि आम्हाला का नाही. युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय बनत होतं, तिथे महिला न्यायाधीश हव्यात म्हणून या सातजणींनी जोर लावला. पहिल्या 11 न्यायाधीशांत दोन बायका आल्या, आणि त्याच न्यायालयाने पुढे बलात्कार हा युद्धातला गुन्हा म्हणून चालवला.

आणि आपल्याकडे बघायचं तर मीनलताई, निरुपमा राव यांचंही सांगा वर्गात. इंग्रजीतलं एमए औरंगाबादचं, मराठवाडा विद्यापीठ. 1973 च्या बॅचमध्ये पहिल्या, 2009 मध्ये परराष्ट्र सचिव, आधी चीनमध्ये राजदूत, नंतर अमेरिकेत, आणि निवृत्तीनंतर ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकवलं. त्यांच्याही आधी सी. बी. मुथम्मा, 1949 च्या, परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला. लग्न केलं तर राजीनामा देईन असं लिहून द्यावं लागलं होतं त्यांना. बढती नाकारली म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवेतले ते भेदभावाचे नियम फार कडक शब्दांत फटकारले. आपल्याकडे रस्ता उलटा आहे, आधी सेवा, मग वर्ग. प्राध्यापकाला थेट राजदूत करणं राधाकृष्णन यांच्या काळात झालं, आता क्वचितच.

मीनल_लातूर

सायली, मराठवाडा विद्यापीठाचं ऐकून अंगावर काटा आला गं, आमच्या कॉलेजातल्या अर्ध्या प्राध्यापकांच्या डिग्र्या तिथल्याच आहेत.

तर असं ठरवतेय. ऋतामॅडमनी सांगितलं तसं भूमिका वाटून द्यायच्या, आणि प्रसंग काल्पनिक न घेता 21 एप्रिल 1994 ची सुरक्षा परिषदच घ्यायची. इराकवर ती मुलगी बोलेल, ते आदल्या तासाला. माझ्या वर्गात साधारण वीसेक जण नियमित येतात, 15 खुर्च्या मांडता येतील. तेव्हाचे 15 देश कुठले होते, कुणी सांगेल का?

जुना_पुस्तकवाला

घ्या ताई. कायमचे पाच तर माहीतच आहेत, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन. बाकीचे दहा म्हणजे अर्जेंटिना, ब्राझील, चेक प्रजासत्ताक, जिबूती, न्यूझीलंड, नायजेरिया, ओमान, पाकिस्तान, स्पेन आणि रवांडा. हो, रवांडा. ज्या सरकारची माणसं घरोघरी जाऊन कापत होती त्याच सरकारचा प्रतिनिधी त्या महिन्यात परिषदेत मत देत बसलेला होता, आणि बाकीचे त्याच्यासमोरच चर्चा करत होते. एप्रिलमध्ये अध्यक्षपद न्यूझीलंडकडे होतं, राजदूत कॉलिन कीटिंग, त्यामुळे सभा चालवायला वर्गातली एखादी खमकी मुलगी न्यूझीलंडला बसवा.

उरलेल्या पाचजणांना वॉशिंग्टन करा, वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवा. त्यांनी सुरुवातीला चिठ्ठीवर अमेरिकेला सूचना द्यायची, सैन्य काढा म्हणून. अमेरिका झालेल्या मुलीला एकदाच फोन करायची परवानगी द्या, आणि फोनसाठी तिला उठून बाहेर जावं लागेल हा नियम ठेवा, तोपर्यंत आत सभा थांबणार नाही. ठराव 912 छोटाच आहे, युनोच्या साइटवर मिळतो, इंग्रजी सोपं आहे, त्याच्या झेरॉक्स आदल्या दिवशीच वाटून टाका.

विनायक_प

आणि जमलं तर ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिला अमेरिकेच्या खुर्चीत बसवा मीनलताई. शिक्षा म्हणून नाही, तिला आधी विचारून. ती काय करते ते इथे येऊन नक्की लिहा.

मीनल_लातूर

आत्ताच तिला मेसेज करून विचारलं. हो म्हणाली, पण राजीनामा द्यायची परवानगी असेल तरच. मी म्हटलं आहे.